प्रदूषणाचा दंड आणि नुकसानीची भरपाई

कारखान्यातून बाहेर पडणारे सांडपाणी शुद्ध करावयाचे तर खर्च येतो. त्यासाठी यंत्रणा उभारावी लागते. ती चालविण्यास वीज, रसायने व माणसे लागतात. पाणी तसेच नाल्यात सोडून देणाऱ्या कारखानदाराचा हा खर्च वाचतो, परंतु तो नाहीसा मात्र होत नाही. नदीच्या खालच्या अंगाचा शेतकरी आपली विहीर गमावून, मच्छीमार मासळी गमावून आणि नगरपालिका पाणी शुद्ध करण्यासाठी अधिक पैसा मोजून तोच खर्च भरीत असतात. हा बोजा ज्याचा त्याच्याकडे परत नेणे, हे पर्यावरणविषयक कायद्यांच्या अंमलबजावणीचे एक प्रमुख उद्दिष्ट आहे.

कायद्याची वाटचाल

या बाबतीत महाराष्ट्राने लवकर पाऊल उचलले. जलप्रदूषणाच्या प्रतिबंधासाठी राज्याने १९६९ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला व त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळाची स्थापना झाली. केंद्राचा जलप्रदूषणविषयक अधिनियम १९७४ चा. तो महाराष्ट्राने १ जून १९८१ पासून स्वीकारला. पुढे १९८१ मध्ये वायुप्रदूषणासंबंधीचा आणि भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षणाचा अधिनियम झाला.

सांडपाणी सोडण्यापूर्वी मंडळाचे संमतीपत्र घेणे आणि त्यातील मर्यादा पाळणे, हा या व्यवस्थेचा पाया होय. १९८८ च्या दुरुस्तीने मंडळाला कारखाना बंद करण्याचे, तसेच त्याचा वीज व पाणीपुरवठा तोडण्याचे आदेश देण्याचा अधिकार मिळाला. पाण्यात विषारी द्रव्य सोडणाऱ्यास किमान दीड वर्ष व कमाल सहा वर्षे कारावासाची तरतूदही त्याच वेळी झाली.

तथापि शिक्षा होण्यासाठी गुन्हा न्यायालयात सिद्ध व्हावा लागतो, आणि पुराव्याची सुरुवात सांडपाण्याच्या नमुन्यापासून होते. नमुना घेताना कारखानदारास जागीच नोटीस द्यावी लागते. त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावे लागतात. ते मोहोरबंद करून त्यांवर सह्या घ्याव्या लागतात आणि विनाविलंब प्रयोगशाळेकडे पाठवावे लागतात. यांपैकी एखादी पायरी चुकली, तर प्रदूषण डोळ्यांना दिसत असूनही खटला निसटू शकतो.

बिछडीचा धडा

केवळ कारखाना बंद केल्याने झालेली हानी भरून निघत नाही, याचे बोलके उदाहरण राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात बिछडी गावी घडले. तेथे १९८८ च्या सुमारास रंगांसाठी लागणाऱ्या ‘एच’ आम्लाचे उत्पादन सुरू झाले. अल्पावधीतच सुमारे २,४०० ते २,५०० टन विषारी गाळ साचला. तो जमिनीत मुरला, विहिरींचे पाणी गर्द तपकिरी झाले आणि ते माणसांना, जनावरांना व शेतीला निरुपयोगी ठरले. उत्पादन थांबले, पण विहिरी पूर्ववत झाल्या नाहीत.

१९८९ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने पाहणी करून जमीन व पाणी पूर्ववत करण्याच्या उपायांचा अहवाल दिला. जो प्रदूषण करील त्यानेच त्याची किंमत मोजली पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ च्या निकालात लागू केले आणि दुरुस्तीचा खर्च संबंधित उद्योगांकडून वसूल करण्याचा मार्ग केंद्र शासनास मोकळा करून दिला. निरनिराळे अर्ज होत राहिल्याने वसुली मात्र लांबली. अखेर जुलै २०११ मध्ये न्यायालयाने ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये, नोव्हेंबर १९९७ पासूनच्या १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. या दराने रक्कम सुमारे सहा वर्षांत दुप्पट होते. विलंबाचा लाभ प्रदूषण करणाऱ्यास मिळू नये, हा यामागील हेतू होय. याच काळात गावकऱ्यांची जवळजवळ एक पिढी गेली, हेही विसरता येत नाही.

भरपाईचा हिशोब

असा विलंब टाळण्यासाठी भरपाईचे निश्चित सूत्र हवे होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या निर्देशांनुसार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ च्या सुमारास ते तयार केले. त्यात पाच अंकांचा गुणाकार असतो : उद्योगाचा प्रदूषण निर्देशांक, नियमभंगाचे दिवस, रुपयांतील दर, उद्योगाचा आकार आणि परिसराची लोकसंख्या. निर्देशांक लाल वर्गासाठी ८०, नारिंगीसाठी ५० व हिरव्यासाठी ३० असा धरला गेला. दर २५० रुपये सुचविण्यात आला.

लाल वर्गातील मध्यम उद्योगाने लहान शहराजवळ ३० दिवस नियमभंग केल्यास ८० गुणिले ३० गुणिले २५०, म्हणजे ६ लाख रुपये होतात. उद्योग मोठा असेल तर दीडपट आणि शहराची वस्ती एक कोटीहून अधिक असेल तर दुप्पट, म्हणजे हीच रक्कम १८ लाखांवर जाते. दिवसाला किमान ५,००० रुपये आकारावेत, असेही त्यात म्हटले आहे. नियमभंगाचा प्रत्येक दिवस मोजला जात असल्याने दोष तत्काळ दूर करणे हेच उद्योगाच्या हिताचे ठरते.

शास्ती वेगळी, भरपाई वेगळी

जन विश्वास अधिनियम, २०२३ अन्वये पर्यावरण व वायुप्रदूषणविषयक कायद्यांतील अनेक नियमभंगांसाठी कारावासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांची शास्ती ठरविण्यात आली. ती न्यायनिर्णय अधिकारी चौकशीअंती लावतो. शास्ती न भरल्यास मात्र तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. जलप्रदूषणाच्या कायद्यात अशीच दुरुस्ती २०२४ मध्ये झाली. ती स्वीकारणे राज्यांच्या ठरावावर अवलंबून ठेवलेले आहे.

शास्ती ही नियम मोडल्याबद्दल असते. भरपाई ही हानी भरून काढण्यासाठी असते. ४ ऑगस्ट २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. पर्यावरणाची हानी झाली असेल किंवा होण्याचा धोका असेल, तर राज्य मंडळे भरपाई आकारू शकतात अथवा आगाऊ बँक हमी घेऊ शकतात. मात्र त्यासाठी नियम व नैसर्गिक न्यायाची पद्धत हवी, असे न्यायालयाने सांगितले.

भरपाईचा आदेश निघाला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. रक्कम वसूल झाली पाहिजे आणि ती त्याच नदीवर, त्याच शिवारात खर्ची पडली पाहिजे. नाल्याच्या पाण्याचा रंग वा वास बदलताच ग्रामपंचायतीने दिनांक, वेळ व ठिकाण नोंदवून मंडळाकडे लेखी तक्रार केल्यास नमुना वेळेवर घेता येतो. विहीर नासण्यापूर्वी घेतलेला एक नमुना, ती नासल्यानंतर मिळालेल्या कोट्यवधींच्या भरपाईहून गावाला अधिक मोलाचा असतो.