वाचन, लेखन आणि आपलें मन

दरवर्षीं या अंकासाठीं विद्यार्थ्यांचे लेख आमच्या हातीं येतात. अक्षर सुवाच्य, भाषा शुद्ध, आरंभीं एखादें सुभाषित आणि शेवटीं उपदेश. असे लेख पाहून समाधान वाटतें. परंतु पुष्कळदां वरचें नांव झांकलें, तर तो लेख कोणाचा हें ओळखतां येत नाहीं. दहा मुलांनीं 'पावसाळ्यांतील एक दिवस' लिहावा, आणि दहाही लेखांत तोच मोर नाचावा, तेंच इंद्रधनुष्य निघावें! यांपैकीं मोर नाचतांना कितीजणांनीं पाहिला आहे, असें कोणी विचारीत नाहीं. आम्हींही तें पुष्कळ वर्षें विचारलें नव्हतें.

गेल्या नाताळच्या सुटींत आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. तो आतां कॉलेजांत शिकतो. शाळेंत असतांना निबंधाला त्याला नेहमीं उत्तम गुण मिळत. बोलतां बोलतां तो म्हणाला, "सर, तेथें आम्हांला एक कादंबरी वाचावयास दिली आणि तिच्याविषयीं स्वतःचें मत दोन पानांत लिहावयास सांगितलें. कथा सांगून झाली, लेखकाची माहिती देऊन झाली. पण मत लिहावयाची वेळ आली, तेव्हां लेखणी जागच्या जागीं थांबली. मला काय वाटतें, हें मलाच ठाऊक नव्हतें."

मग थोडें थांबून त्यानें हंसत हंसत एक आठवण सांगितली. आठवींत असतांना त्यानेंही पावसाळ्यावर निबंध लिहिला होता. त्यांत मोर नव्हता. घर कोठें कोठें गळे, आई कोणतें भांडें कोठें ठेवी, आणि रात्रीं अंधारांत नुसत्या थेंबांच्या आवाजावरून पातेलें भरलें कीं घमेलें, हें धाकटी बहीण कशी ओळखी, एवढेंच त्यांत होतें. त्याखालीं आम्हीं लाल शाईनें लिहिलें होतें : "भाषा घरगुती आहे. विषयाला शोभेल असें लिहावें."

तो शेरा त्याला पाठ होता. आम्ही तो विसरून गेलों होतों. तो रागावला नव्हता, हेंच आम्हांला अधिक लागलें. त्यानें आमची आज्ञा पाळली होती. त्या दिवसापासून त्यानें घरचें म्हणून कांहीं लिहिलें नाहीं, आणि आम्ही त्याला गुण देत गेलों.

तो गेल्यावर आम्हीं कपाटांतून लक्ष्मीबाई टिळक यांचीं 'स्मृतिचित्रें' काढलीं. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालीं नाशिकजवळच्या जलालपूर येथें झाला. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें, आणि पुढें कवि म्हणून प्रसिद्धीस आलेले त्यांचे पति नारायण वामन टिळक यांनीं त्यांस लिहावाचावयास शिकविलें. 'स्मृतिचित्रें' 1934 पासून 1936 पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झालीं, आणि मराठींतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्यांची गणना होते. त्यांत पांडित्य नाहीं. संसारांतील ओढाताण, प्रवासांतील फजिती, पतीशीं झालेलीं भांडणें, स्वतःच्या चुका, हें सर्व ओटीवर बसून बोलावें तसें सांगितलें आहे. 1919 सालीं टिळक वारले, तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' हें काव्य अपुरें राहिलें होतें. तें पुढें याच बाईंनीं पुरें केलें. आमच्यासारख्या शिक्षकाची लाल शाई त्यांच्या वहीला लागली नाहीं, हें मराठी भाषेचें भाग्यच म्हणावयाचें!

यावरून कोणी असें समजूं नये कीं, वाचनाची गरज नाहीं. साने गुरुजी हे मोठे वाचक होते. 1924 पासून 1930 पर्यंत ते अमळनेर येथील प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. तेथील छात्रालयांतील मुलांसाठीं ते 'छात्रालय' नांवाचें दैनिक स्वतःच्या हातानें लिहून काढीत. दिवसभर शिकवून, मुलांचें हवें नको पाहून, पुन्हां लेखणी हातीं धरावयाची! पुढें 1933 सालीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं 'श्यामची आई' लिहिली. इतकें वाचलेल्या त्या माणसानें विषय निवडला तो आपल्या आईचा आणि कोंकणांतील आपल्या घराचा. चांगलें वाचन माणसाला घरापासून दूर नेत नाहीं. घरांत जें रोज दिसतें, त्याचें मोल तें त्याला दाखवितें.

आतां विद्यार्थ्यांनीं करावें काय? आमची सूचना साधी आहे. एक वही करावी. कांहीं वाचलें कीं पुस्तक मिटावें, आणि डाव्या पानावर तें चार ओळींत स्वतःच्या शब्दांनीं लिहावें. लिहितां आलें नाहीं, तर तें समजलें नाहीं असें जाणून पुन्हां वाचावें. उजव्या पानावर आपणांस काय पटलें, काय पटलें नाहीं, आणि तसें कां, हें लिहावें. आठवड्यांतून एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेल्या एखाद्या गोष्टीवर पानभर मजकूर लिहावा. त्यांत न पाहिलेला मोर आणूं नये. प्रतिभा कोणाला किती मिळावी, हें आपल्या हातीं नाहीं. परंतु खरें लिहिण्याची संवय प्रत्येकास लावून घेतां येते, आणि तिच्यामुळें मनुष्यास स्वतःची ओळख पटते.

पालकांसही एक विनंति आहे. ही वही मुलानें आपण होऊन दाखविली, तरच पाहावी. त्यांत घरची गरिबी आली, घरांतला वाद आला, म्हणून लाजूं नये व रागावूं नये. चुका मोजण्यापूर्वीं "मग पुढें काय झालें?" एवढें विचारावें. त्या एका प्रश्नानें मूल आणखी एक पान लिहील.

त्या विद्यार्थ्याला आम्हीं तोच निबंध पुन्हां लिहून पाठविण्यास सांगितलें आहे. तो अद्याप आलेला नाहीं. आम्ही वाट पाहत आहों.

विद्यार्थीमित्रांनो, पुढील अंकासाठीं लेख द्याल, तेव्हां त्यांत तुमचें घर, तुमची शाळेची वाट आणि तुमचा विचार असूं द्या. शुद्धलेखन आम्ही तपासूं. तें आमचें काम आहे. परंतु तुम्हीं काय पाहिलें आणि तुम्हांला काय वाटलें, हें तुमच्यावांचून दुसऱ्या कोणालाही लिहितां येणार नाहीं.