साठ पत्ते, उतारी एकाची

(घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या एका साइटवर इंजिनिअर असलेला भाचा आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये उभी हयात काढलेली त्याची मावशी.)

भाचा : मावशी, आमच्या एका सेंटरिंगवाल्याला फॅल्सिपॅरम मलेरिया निघालाय. गावी, ओडिशात, मलेरिया त्याला आधीही होऊन गेलाय. कांजिण्या एकदा झाल्या की सुटलो. हा कसा फिरून फिरून येतो?

मावशी : त्याची स्लाइड बघायला हवी होतीस. व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार असला की परजीवीच्या लहानमोठ्या सगळ्या अवस्था दिसतात. फॅल्सिपॅरममध्ये बहुधा नुसते बारीक अंगठ्यांसारखे कोवळे परजीवी आणि कधीमधी केळ्याच्या आकाराच्या पेशी. वाढलेले परजीवी गायब!

भाचा : जातात कुठे?

मावशी : आतल्या बारीक रक्तवाहिन्यांत. तांबड्या पेशीत परजीवीचं ४८ तासांचं चक्र असतं. अर्ध्या वाटेवर तो पेशीच्या पृष्ठभागावर पीएफईएमपी-१ नावाचं प्रथिन आणून बसवतो, त्याच्या जोरावर पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटते. वाहत राहिली तर प्लीहा तिला गाळून काढेल ना! मेंदूत अशी चिकटाचिकटी झाली की रोगी बेशुद्ध.

भाचा : पण प्रथिन बाहेर दिसलं की अँटिबॉडी तयार होणारच.

मावशी : होतात. मेख तिथंच आहे. या प्रथिनाची जनुकं साधारण ६०, नाव 'व्हार'. १९९५ मध्ये ती सापडली. एका वेळी चालू मात्र एकच.

भाचा : हातात साठ पत्ते, उतारी एकाची!

मावशी : पण खेळणारा कुणी नाही, बरं का. परजीवी अंदाज घेऊन पान बदलत नाही. कोट्यवधींतले थोडे आपसूकच दुसऱ्या जनुकावर गेलेले असतात. अँटिबॉडींनी बाकीचे मारले की हे वाढतात.

भाचा : आणि उरलेली ५९ गप्प कशी बसतात?

मावशी : मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. डीएनएतली अक्षरं तीच, फरक गुंडाळणीचा. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर, बंद जनुकांपाशी, मिथाइलची खूण असते, तिच्यावर एचपी-१ हे प्रथिन बसतं आणि तेवढा भाग घट्ट आवळला जातो. पुढच्या पिढीतही ही खूण बहुधा टिकते. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा खुणा करणारं एक एन्झाइम काढून टाकलं, तर जवळपास सगळी व्हार जनुकं एकदम बोलू लागली. गप्प बसवायलाच मेहनत लागते!

भाचा : मग आमचा हा गडी तापाशिवाय कामावर कसा?

मावशी : लहानपणापासून पुष्कळ प्रकारांच्या अँटिबॉडी जमल्यात. ताप नाही, पण थोडे परजीवी आहेत. ठाण्यात वाढलेल्या तुला तोच मलेरिया महागात पडेल. डासाला लागतात त्या केळ्याच्या आकाराच्या पेशी, आणि त्या पिकायला १०-१२ दिवस जातात. एवढे दिवस तगायचं तर पत्ते बदलायलाच हवेत. त्यात शहरातला अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी स्वच्छ साचलेल्या पाण्यावर पोसतो. क्युरिंगचं पाणी, पिंपं, लिफ्टचा खड्डा…

भाचा : खड्ड्यात गुडघाभर आहे.

मावशी : आजच उपसायला लाव. आणि त्या गड्याच्या खोलीतल्या सगळ्यांचं रक्त तपासून घे, ताप नसला तरी.