आधी नाक, मग आरसा

श्री क्षेत्र नारायणगड, जि. बीड

चि. भाच्यास,

चष्म्याची फ्रेम आधी नंबर, मग माप, मग रोजचे काम आणि सगळ्यात शेवटी चेहरा पाहून निवडायची असते. दुकानात हा क्रम बहुधा उलटा होतो. काउंटरवर दहा-बारा फ्रेम मांडल्या जातात, आरसा समोर सरकवला जातो, सोबत आलेले चौघे चार मते देतात आणि शेवटी दुकानदार म्हणेल ती फ्रेम घरी येते. आठवड्याभरात ती नाकावरून घसरू लागते किंवा कानामागे रुतू लागते आणि मग दोष नशिबाला दिला जातो.

म्हणून सुरुवात डोळे तपासण्यापासून करावी. बीडचे जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा एखादा खाजगी नेत्रतज्ज्ञ, यांपैकी कोठेही तपासणी होऊ शकते. नंबराच्या कागदावर आणखी एक आकडा मागून लिहून घ्यावा, तो म्हणजे दोन्ही बाहुल्यांमधील अंतर. प्रौढ माणसांत ते बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असते. कागदावर हा आकडा क्वचितच लिहिलेला सापडतो, आणि फ्रेमचा आकार ठरवताना अडते ते नेमके त्याच्याचपाशी.

कारण असे. काचेचा प्रकाशीय मध्य बाहुलीसमोर आला पाहिजे. फ्रेम डोळ्यांच्या अंतराच्या मानाने रुंद असेल, तर काच नाकाच्या बाजूला सरकवून कापावी लागते आणि कानाकडची कड जाड राहते. एक उदाहरण घ्यावे. नंबर उणे ६ आहे, बाहुल्यांमधील अंतर ६० मिलिमीटर आहे आणि पसंत पडली ती मोठी, झोकदार फ्रेम. तिची काच ५६ मिलिमीटर रुंद आणि नाकावरचे अंतर १६, म्हणजे बेरीज ७२. प्रत्येक काच ६ मिलिमीटर आत सरकवावी लागेल. साध्या प्लास्टिकच्या काचेत तिची बाहेरची कड सुमारे ९ मिलिमीटर होते. त्याच माणसाने ४८ रुंदीची आणि १८ अंतराची फ्रेम घेतली, तर सरकवणे ३ मिलिमीटरवर येते आणि कड साधारण साडेसहापर्यंत उतरते. वर १.६७ अपवर्तनांकाची पातळ काच घेतली, तर ती पाचच्या आत बसते. म्हणजे महागड्या काचेने जेवढे साधते त्याहून जास्त नुसत्या लहान फ्रेमने साधते, तेही फुकटात. उणे नंबराच्या काचेतून डोळे लहान दिसतात, अधिक नंबराच्या काचेतून मोठे. ही गोष्ट कोणतीही फ्रेम पूर्णपणे लपवू शकत नाही. तरी डोळा काचेच्या मध्याजवळ असला की ती कमी जाणवते. उणे नंबर मोठा असल्यास रिमलेसच्या नादी लागू नये, कारण काचेची सगळी जाडी उघडी पडते. पूर्ण रिमची, थोड्या जाड कडेची फ्रेम ती झाकून घेते. नंबर दोनच्या आत असेल, तर या सगळ्या हिशोबाची फारशी गरज नाही.

फ्रेमचे माप तिच्यावरच छापलेले असते, बहुधा काडीच्या आतल्या बाजूला. ५०, मग एक छोटा चौकोन, मग १८ आणि पुढे १४० असे आकडे दिसतात. ५० म्हणजे एका काचेची रुंदी, १८ म्हणजे नाकावरील दोन काचांमधील अंतर आणि १४० म्हणजे काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. जो जुना चष्मा अंगवळणी पडला आहे त्याचे हे आकडे टिपून दुकानात जावे. नवीन फ्रेम त्याहून काचेत दोन मिलिमीटर आणि काडीत पाच मिलिमीटर इकडेतिकडे असली तर चालते, त्यापलीकडे गेल्यास ती घालूनच पाहावी. घरबसल्या फ्रेम मागवणाऱ्याला तर या तीन आकड्यांखेरीज दुसरा आधारच नसतो.

आकडे जुळले तरी खरा न्याय नाकच करते, कारण चष्म्याचे बहुतेक वजन तेच पेलते. नाकाचा पूल उंच आणि अरुंद असेल, तर शीटची, म्हणजे सेल्युलोज ॲसिटेटची अखंड फ्रेम त्यावर नीट बसते. पूल बसका किंवा रुंद असेल तर तीच फ्रेम खाली येते, पापण्या काचेला लागतात आणि हसताना गाल फ्रेमला वर उचलतात. अशा नाकाला तारेवर बसवलेली, वाकवता येणारी नोज पॅड असलेली धातूची फ्रेम बरी. परीक्षा सोपी आहे. फ्रेम घालून मोकळेपणाने हसावे, मान खाली घालून चपलेचा पट्टा लावल्यासारखे वाकावे, डोके दोनदा हलवावे. जी फ्रेम एवढ्यात सरकते ती जून महिन्यात घामाने नक्कीच सरकणार. काडी कानशिलाला दाबत असेल तर फ्रेम अरुंद आहे. ती कानापर्यंत डोक्याला न टेकता गेली पाहिजे आणि तिचा बाक कानाच्या माथ्यावरच पडला पाहिजे. बाक पुढे-मागे असेल तर चांगला कारागीर काडी गरम करून तो हलवून देतो. नाकाच्या अखंड पुलात मात्र त्याला फारसे काही करता येत नाही. म्हणून नाकाशी तडजोड करू नये.

आता काम. नगद नारायण महाराजांच्या या नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात. येथे फेटा आणि टोपी हा रोजचा वेश आहे, आणि फेट्याशी चष्म्याचे वैर पुरातन आहे. फेट्याचा काठ कानाच्या वरच्या बाजूला येतो. जाड, रुंद काडी त्याखाली गेली की तासाभराच्या कीर्तनात कानशिलाला कळ लागते, आणि फेट्याच्या वरून घातली की चष्मा तिरका बसतो. फेटा बांधणाऱ्याने पातळ, सरळ धातूची काडी घ्यावी आणि फ्रेम निवडताना फेटा किंवा टोपी सोबत न्यावी. हेल्मेटला हाच नियम लागू आहे. बीडला रोज मोटारसायकलवर जाणाऱ्या मुलाने दुकानात हेल्मेट घालून पाहण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. टाळकरी आणि मृदंग वाजवणारे पावली खेळताना उसळतात. त्यांच्यासाठी कानामागे पूर्ण वळणारी तारेची काडी जुन्या काळी असे आणि आजही कारागीर ती बसवून देऊ शकतो. नाहीतर मागून साधी दोरी बांधावी. दिसायला थोडी मास्तरकी वाटते, पण चष्मा पायाखाली येत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत डोळ्यांना दुहेरी धोका असतो, उसाच्या पात्याची धार आणि पाचटाची धूळ. साधा चष्मा हा संरक्षक गॉगल नव्हे. तरी काच घ्यायचीच तर पॉलिकार्बोनेटची घ्यावी, कारण आघाताने ती सहसा फुटत नाही. तिच्यावर ओरखडे मात्र लवकर पडतात, त्यामुळे कठीण लेपाशिवाय घेऊ नये. धुळीने माखलेली काच उपरण्याच्या टोकाने कोरडी पुसणे ही मराठवाड्यातली सर्वमान्य सवय आहे आणि काचेचे आयुष्य तीच संपवते. आधी पाणी ओतावे, मग मऊ कापडाने टिपावे. बोअरचे पाणी जड असेल तर वाळू देऊ नये, पांढरे डाग राहतात.

फ्रेमच्या साहित्याची निवडही हवा पाहून करावी. ॲसिटेटला रंगांची श्रीमंती आहे, ते गरम करून वाकवता येते. पण त्याच कारणाने उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली फ्रेम आकार सोडते आणि काचेवरचा लेपही तडकू शकतो. टीआर-९० हे हलके, लवचिक प्लास्टिक आहे. लहान मुलांना आणि चष्म्यावर झोपणाऱ्यांना ते सोयीचे. पण ते नीट वाकवून घेता येत नाही, म्हणून घेतानाच बसले पाहिजे. स्वस्त धातूच्या फ्रेमला घामाने हिरवट थर चढतो आणि निकेल ज्यांना सोसत नाही त्यांच्या नाकावर व कानामागे खाज सुटते. अशांनी टायटॅनियम घ्यावे. ते हलके असते, गंजत नाही, महाग मात्र असते.

इतके झाल्यावर चेहऱ्याकडे वळावे. प्रचलित नियम विरोधाचा आहे. गोल चेहऱ्याला कोनदार फ्रेम, चौकोनी जबड्याला गोलसर फ्रेम, लांबट चेहऱ्याला थोडी उंच काच, आणि अंडाकृती चेहऱ्याला जवळजवळ काहीही. नाक लांब वाटत असेल तर पूल खाली असलेली फ्रेम ते आखूड दाखवते. डोळे जवळजवळ असतील तर पुलाचा रंग फिका असावा, म्हणजे ते थोडे लांब भासतात. नियम खोटा नाही, पण त्याला वेद मानण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा चेहरा भरदार आणि रुंद होता. नियमाप्रमाणे गोल चष्मा त्यांनी घालायला नको होता. आज त्यांचे चित्र त्या गोल चष्म्याशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. गांधीजींचा चेहरा निमुळता, तरी चष्मा गोलच. २०१६ पासून निघालेल्या नोटांच्या मागच्या बाजूला स्वच्छ भारताच्या चिन्हात नुसता तो चष्मा आहे, चेहरा नाही, आणि ओळखायला कोणाला अडचण पडत नाही. माणूस एकच आकार वर्षानुवर्षे वापरतो तेव्हा तो आकार त्याचा होऊन जातो. दर वर्षी नव्या फॅशनमागे धावणाऱ्याला हे सुख मिळत नाही.

आकारापेक्षा भुवईची रेषा अधिक महत्त्वाची. फ्रेमची वरची कड भुवईला साधारण समांतर हवी. भुवई फ्रेमच्या खूप वर राहिली तर माणूस सतत चकित दिसतो, आणि पूर्ण काचेत आली तर चेहऱ्यावरचे भावच हरवतात. फ्रेमची एकूण रुंदी चेहऱ्याच्या रुंदीइतकी असावी. बाहुली काचेच्या मध्यावर किंवा मध्याच्या किंचित वर यावी. भरघोस मिशी आणि त्यावर जाड काळी फ्रेम अशी जोडी जमली की चेहऱ्याला जागाच उरत नाही. मिशी ठेवणाऱ्याने कड मध्यम घ्यावी.

रंगाबाबत फार काथ्याकूट नको. सावळ्या आणि गव्हाळ रंगावर गडद तपकिरी, कासवपाठी छटा, तोफेच्या धातूसारखा करडा आणि सोनेरी हे रंग शोभतात. फिकट गुलाबी किंवा कातडीच्या रंगाची प्लास्टिक फ्रेम चेहरा फिका पाडते. पारदर्शक फ्रेम सध्या चालते, पण घामाने आणि तेलाने ती काही महिन्यांत पिवळट पडू शकते. नोकरीच्या मुलाखतीला, शेतात आणि लग्नात तोच एक चष्मा घालायचा असेल तर गडद आणि साधा रंग घेणे शहाणपणाचे.

पसंती करताना एक अडचण हमखास येते. नमुन्याच्या फ्रेममध्ये बिननंबराची काच असते, त्यामुळे उणे नंबरवाल्याला आरशातला स्वतःचा चेहरा नीट दिसतच नाही आणि तो नाइलाजाने दुसऱ्याच्या मतावर जातो. त्यावर उपाय म्हणजे सोबतच्या माणसाकडून दोन-तीन हात लांबून मोबाइलवर फोटो काढून घ्यावेत, समोरून आणि बाजूने, आणि मग जुना चष्मा घालून ते पाहावेत. हातात धरून जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठे दिसते, त्यावरून निर्णय करू नये. सोबत एकच माणूस न्यावा, तोही खरे बोलणारा.

काचेच्या लेपांपैकी परावर्तन रोखणारा लेप घ्यावा. साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परततो. लग्नाच्या फोटोत डोळ्यांऐवजी दिव्यांचे ठिपके दिसतात ते त्यामुळे. उन्हात काळी होणारी काच दुचाकीवर उपयोगी आहे, पण कडक उष्म्यात ती कमी काळी होते, आणि मोटारीत बसल्यावर जवळजवळ होतच नाही, कारण तिला लागणारे अतिनील किरण पुढची काच अडवते. पैसे मोजके असतील तर फ्रेम साधी घ्यावी आणि काच चांगली. वडीलधाऱ्यांना चाळिशी लागल्यावर प्रोग्रेसिव्ह काच हवी असेल, तर त्यांच्यासाठी बुटकी, अरुंद फ्रेम घेऊ नये. वाचनाचा भाग खालच्या कडेत कापला जातो आणि घरात विनाकारण चष्म्याच्या नावाने शंख होतो.

फ्रेम ठरल्यावर दुकानदाराने ती चेहऱ्यावर आधी नीट बसवून द्यावी आणि मगच नमुन्याच्या काचेवर पेनाने बाहुलीची जागा ठिपक्याने खुणावी. पुष्कळ ठिकाणी ही पायरी गाळली जाते, ती मागून करून घ्यावी. मोठ्या नंबरात मध्य दोन-तीन मिलिमीटर चुकला तरी डोके दुखते. तयार चष्मा घेताना नंबर यंत्रावर तपासून मागावा, चष्मा सपाट टेबलावर उघडून ठेवावा आणि दोन्ही काड्या टेकतात का ते पाहावे. नवीन नंबरात दोन-चार दिवस जमीन तिरकी वाटू शकते. पंधरवड्यानंतरही तसेच राहिले तर नंबराचा कागद घेऊन परत जावे. जुना चष्मा टाकू नये. नव्या नंबराची काच त्यातच बसवून तो दिंडीच्या पिशवीत ठेवावा, कारण वाटेत काडीचा स्क्रू पडला तर तो शोधायलाही चष्माच लागतो.

कळावे,
मामा