माळ, सभा आणि औषध

"लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल." व्यसनी तरुणाबद्दल हा सल्ला आपल्या खेड्यापाड्यांत आजही दिला जातो. लग्नानंतरही तो सुधारला नाही, की "त्याची इच्छाच नाही" असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. व्यसन म्हणजे निव्वळ स्वभावदोष, ही समजूत या दोहोंच्या मुळाशी आहे.

वस्तुतः व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे. दारू किंवा गर्द यांमुळे मेंदूत डोपामिन हे रसायन वाढते व सुख वाटते. पुढे मेंदूला त्याची सवय होते आणि तेवढी मात्रा पुरेनाशी होते. अखेर माणूस सुखासाठी नव्हे, तर नशा न मिळाल्याने होणारा त्रास टाळण्यासाठी नशा करतो.

हा त्रास साधा नसतो. माझ्या मामांची दारू सुटावी म्हणून आजोळच्या माणसांनी त्यांना खोलीत कोंडले. दुसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर साप दिसू लागले, फिट आली, आणि तातडीने दवाखान्यात न्यावे लागले. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडल्यास जीवही जाऊ शकतो, हे तेव्हा घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

पुढे मामांनी व त्यांच्या एका मित्राने एकाच एकादशीला माळ घातली. मित्राची टिकली, मामांची दोनदा तुटली. "श्रद्धा कमी पडली," असे गाव म्हणाले. मला तसे वाटत नाही. मित्राला रोजचे भजन आणि दिंडीची सोबत मिळाली. मामा मात्र संध्याकाळी पुन्हा जुन्याच बैठकीत जाऊन बसत.

सोबतीचे हेच बळ १९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी ओळखले व 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' सुरू केले. त्यांच्या सभेत जन्मभराची शपथ नसते. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, एवढाच निश्चय असतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' उभे केले. तेथे उपचारांबरोबर घरच्या माणसांनाही समजावले जाते.

तिसरी वाट औषधाची. गर्दच्या रुग्णाला डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन देतात, तर दारूसाठी डायसल्फिराम. मात्र डायसल्फिराम घेऊन दारू प्यायल्यास प्रकृती गंभीर होते. म्हणून ते जेवणातून नकळत देणे धोक्याचे आहे. गर्द सोडलेला माणूस पुन्हा घसरला व त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली, तर शरीराला ती सोसत नाही व मृत्यू ओढवू शकतो. घसरलेल्याला घराबाहेर काढणे किती घातक, हे यावरून कळेल. मार्गदर्शनासाठी १४४४६ हा शासनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

मामांच्या गळ्यात आता तिसऱ्यांदा माळ आहे. ते डॉक्टरांकडे जातात आणि दर रविवारी तालुक्याच्या सभेलाही जातात. सव्वा वर्ष झाले. पुढचे कोणी विचारले तर ते म्हणतात, "आजचे विचारा." तेवढे विचारायला मामी रोज संध्याकाळी दारात उभ्या असतात.

— द्वितीय वर्ष, कला