अपुऱ्या टेपांची गोष्ट

गेल्या महिन्यात रात्रीच्या राउंडला होस्टेलवर आलो होतो. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीतून गिटारचा आवाज येत होता आणि त्याहून मोठा भांडणाचा. विषय काय, तर जिमी हेंड्रिक्सचे अल्बम किती? एक म्हणत होता तीन, दुसरा मोबाइलवर भलीमोठी यादी दाखवत होता. मला पंच नेमण्यात आलं. मी म्हटलं, दोघंही बरोबर. मग रात्री बारापर्यंत तिथंच अडकलो. तेव्हा जे बोलणं झालं ते थोडं नीट करून इथं लिहितोय.

हेंड्रिक्सचा जन्म १९४२ चा, अमेरिकेतल्या सिअॅटलचा. १९६७ मध्ये दोन आणि १९६८ मध्ये एक, असे त्याच्या हयातीत स्टुडिओ अल्बम निघाले ते फक्त तीन. न्यूयॉर्कमध्ये त्यानं स्वतःचा 'इलेक्ट्रिक लेडी' स्टुडिओ बांधला, २६ ऑगस्ट १९७० ला त्याची उद्घाटनाची पार्टी झाली आणि १८ सप्टेंबरला लंडनमध्ये हा माणूस गेला. वय २७. मागं राहिले टेपांचे ढीग. अर्धी गाणी, एकाच गाण्याचे पाच-सहा प्रयत्न, नुसती रात्रभर वाजवलेली धून. मोबाइलवरची ती यादी या ढिगातून आली.

आता इंजिनिअरिंगचा भाग. ही टेप मल्टिट्रॅक होती. म्हणजे एकाच रुंद फितीवर गिटार एका पट्ट्यात, ड्रम दुसऱ्यात, आवाज तिसऱ्यात. सुरुवातीला चार ट्रॅक, मग आठ, बारा, पुढं सोळा. एक ट्रॅक पुसून तिथं दुसरं काही भरता येतं, बाकीच्यांना धक्का न लावता. १९७५ च्या 'क्रॅश लँडिंग' या अल्बमसाठी निर्माता अॅलन डग्लस यानं नेमकं हेच केलं. हेंड्रिक्सच्या साथीदारांचं वादन काढून तिथं भाड्याचे वादक बसवले, आणि काही गाण्यांना सहरचनाकार म्हणून स्वतःचं नावही लावलं. ज्या वादकांनी हेंड्रिक्सला कधी साथ केली नव्हती, ते तो गेल्यावर त्याच्या साथीला बसले! १९९५ मध्ये हक्क त्याच्या वडिलांकडं परत आले. १९९७ मध्ये जुना रेकॉर्डिंग इंजिनिअर एडी क्रेमर याला सोबत घेऊन घरच्यांनी तो अपुरा राहिलेला अल्बम जमेल तितका मुळाप्रमाणं लावून काढला. तरी गाण्यांचा क्रम कोणाचा, शेवटचं मिक्सिंग कोणाचं? हेंड्रिक्सचं नाही, एवढं नक्की.

इथं खोलीतल्या एकानं विचारलं, "सर, आपल्याकडं असं कोण झालं का?"

झालं. आणि फार लांब नाही. दत्तात्रेय विष्णु पलुस्कर, जन्म १९२१. वडील विष्णु दिगंबर, ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वडील गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा. पुढची तालीम वडिलांच्याच शिष्यांकडं, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडं झाली. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायले. 'बैजू बावरा' (१९५२) मधली शेवटची जुगलबंदी तुम्ही यूट्यूबवर पाहिली असेल, त्यात तानसेनचा आवाज अमीर खाँसाहेबांचा आणि बैजूचा पलुस्करांचा. ऑक्टोबर १९५५ मध्ये मेंदूज्वरानं गेले. वय ३४.

हयातीत त्यांचं जे बाजारात आलं ते मुख्यतः ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात. ७८ गुणिले ३, म्हणजे जेमतेम अडीचशे फेरे, त्यात अख्खा राग! पलुस्करांनी ते इतकं नेटकं करून दाखवलं की ऐकताना घाई जाणवत नाही. पण तो त्यांचा पूर्ण ख्याल नव्हे. ते निवांत कसे गायचे ते नंतरच्या पिढीला कळलं ते आकाशवाणीच्या आणि मैफलींच्या टेपांमुळं. त्या त्यांच्या पश्चात एलपी, मग कॅसेट, मग सीडी होऊन बाहेर आल्या. पाव इंची टेपचं बाराशे फुटांचं रीळ सेकंदाला साडेसात इंच वेगानं चालवलं तर किती मिनिटं चालेल? करा हिशोब. बत्तीस. तीन मिनिटांच्या माणसाला एकदम बत्तीस मिनिटं मिळाली.

आणि ही टेप मोनो! गळा, तानपुरा, तबला, सगळं एकाच ट्रॅकमध्ये विरघळलेलं. तबला आवडला नाही म्हणून काढून दुसरा बसवू, अशी सोयच नाही. मला हे आपलं नशीब वाटतं. शिवाय ख्यालाला 'टेक टू' नसतो. त्या दिवशी जे गायलं ते पूर्णच. पलुस्करांच्या टेपा अपुऱ्या नाहीत, अपुरं राहिलं ते आयुष्य. भीमसेन जोशी त्यांच्यापेक्षा एकाच वर्षानं लहान. ते चौतिसाव्या वर्षी थांबले असते तर 'संतवाणी' झालीच नसती, एवढंच धरून बघा.

टेप नसती तर काय होतं, तेही आपल्याकडं घडलंय. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव ज्यांचे शिष्य, ते भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचा आवाज आज कुठंही ऐकायला मिळत नाही. लोकांनी लिहिलेल्या आठवणी तेवढ्या वाचायच्या.

मोनोत लबाडी होत नाही असं मात्र समजू नका. नुसता वेग चुकला तरी पुरे. टेप सहा टक्के जोरात फिरली की पट्टी अर्ध्या स्वरानं चढते, पांढरी एकमध्ये गाणारा काळी एकमध्ये जातो. आवाज पातळ होतो, ताना उगाचच चपळ वाटतात. ऐकणारा म्हणतो, वा, काय तयारी! ती तयारी मोटारची. जुन्या खासगी रेकॉर्डिंगमध्ये असा घोळ खूप असतो. तानपुऱ्याचा षड्ज मोजून दुरुस्ती करता येते, पण मूळ पट्टी माहीत असणारं कोणीतरी पाहिजे.

हे सगळं मी एवढं पोटतिडकीनं का सांगतोय, ते त्या रात्री पोरांना सांगितलं नव्हतं. इथं सांगतो.

आमचे आजोबा मंगळवेढ्याकडच्या एका भजनी मंडळात गायचे. गावाबाहेर त्यांना कोणी ओळखत नव्हतं. चुलत्यांनी एका एकादशीला त्यांची साठ मिनिटांची कॅसेट भरली होती. मी दहावीत असताना कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते, म्हणून त्या कॅसेटच्या खाचांवर चिकटपट्टी लावून तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. दोन्ही बाजूंना. रेकॉर्डचं बटण दाबलं की फीत आधी इरेज हेडवरून जाते आणि मगच रेकॉर्ड हेडवर, हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. आजोबा गेल्यावर आजी म्हणाली, "आरं, तुझ्या आज्याची कॅसेट लाव की." मी म्हटलं, "सापडंना." पुढं ती पण गेली.

ती कॅसेट अजून माझ्याकडं आहे. दुसऱ्या बाजूला गाणी थोडी आधी संपतात. मग एक खट्ट आवाज, आणि त्यानंतर चाळीसेक सेकंद टाळ, मृदंग आणि अभंगाची शेवटची ओळ. दोन-तीनदा तीच ओळ, मग कोणीतरी खोकतं.

तर दिवाळीला घरी जाल तेव्हा माळ्यावर बघा. कॅसेट, रीळ, जे सापडेल ते. सोलापुरी उन्हात पत्र्याखाली राहिलेली फीत कधीकधी चिकटलेली असते, लगेच प्लेअरमध्ये घालू नका. फीत सैल असेल तर पेन्सिलीनं हळू गुंडाळा. खाचांवर कोणी माझ्यासारखी चिकटपट्टी लावली असेल तर आधी ती काढा. आपल्या लॅबमध्ये एक चालू डेक आहे. हेडचा कोन, म्हणजे अॅझिमथ, प्रत्येक कॅसेटला स्क्रूनं जुळवून घेऊ, नाहीतर वरचे स्वर बोथट येतात. कॉपी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला. आणि पहिल्या कॉपीवर नॉइज रिडक्शन अजिबात मारायचं नाही. खरखर राहू दे, खोकलाही राहू दे. साफसफाई करायची ती दुसऱ्या कॉपीवर.

डब्यावर नाव, गाव आणि साल लिहून आणा. साल आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, शक्यतो याच दिवाळीत.