आधी ते कार्ड बाजूला ठेव

मिरज

चि. निखिल,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. तासगावच्या लग्नातले हळदीचे फोटो उडाले, असं तुझ्या आईच्या कानावर आलंय. सांगणारी कोण, तर मांडववाल्याची बायको. त्यात खरं किती आणि तिखटमीठ किती, तुझं तुला माहीत. पण खरं असेल तर बाकीचं पत्र मागाहून वाच. आधी ते मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून काढ, कडेची बारीक खिट्टी 'लॉक'कडे सरकव आणि कपाटात ठेव. त्यावर पुढं एकही फोटो काढू नकोस. काढला नाहीस ना रे?

म्हणे भर पंगतीत लॅपटॉप उघडून बसलास आणि कार्डावरचं सगळं 'कट' करून 'पेस्ट' केलंस. कुणा पोराचा पाय वायरीत अडकला, लॅपटॉप बंद पडला. तरी कार्ड नीट न बघताच फॉरमॅट केलंस, कारण वरात निघाली होती! कट कशाला करायचं? कॉपी केलं असतंस तर कार्डावरचं जागच्या जागी राहिलं असतं. आणि कॉपी झाली म्हणजे काम झालं असंही नाही. दोन्हीकडचा आकडा आणि साइझ जुळते का ते बघायचं, पाचदहा फोटो मोठे करून खालपर्यंत बघायचे. अर्धवट उतरलेला फोटो लहान आकारात कधीकधी अगदी शहाण्यासारखा दिसतो. उघडला की नवरीच्या मुंडावळ्यांपर्यंत ठीक, अन् खाली नुसता करडा पट्टा. तो पट्टा नवरीच्या बापाला दाखवणार आहेस का?

अजून एक. फोटोचा नंबर 9999 वर गेला की कॅमेरा परत 0001 पासून सुरू करतो. त्यातून तुझे कॅमेरे दोन. सगळं एकाच फोल्डरात ओतलंस आणि कॉम्प्युटरनं 'रिप्लेस' विचारल्यावर घाईत हो म्हणालास, तर जुना फोटो गेलाच. प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर कर. लग्नाच्या गडबडीत तर कार्ड रिकामं करायचंच नाही, दुसरं घालायचं. भरलेलं कार्ड डबीत पालथं ठेवायचं, म्हणजे रिकामं समजून चुकून वापरलं जात नाही.

अण्णा लग्नाचे फोटो काढायचे, त्यांचं आठवतं. त्यांच्या यशिका कॅमेऱ्यात बारा फोटोंचा रोल असायचा. तो संपला की कागदाची पट्टी जिभेनं ओली करून चिकटवायचे, वर पेन्सिलीनं नवरा-नवरीचं नाव, आणि रोल थेट आतल्या खिशात. घरी आल्यावर कंदिलाजवळ बसून सगळे रोल मोजायचे. मी तेव्हा कॉलेजातली शहाणी. "पुरे की अण्णा, कोण चोरणार आहे?" म्हणून खेकसायचे. ते मला कॅमेरा शिकवायला बघत होते. लग्नात कॅमेरा घेऊन फिरणारी पोरगी म्हणून लोक हसतील, म्हणून मी गेले नाही. फोटोंना रंग देत अण्णांच्या दुकानातच बसले. आज कुठल्या लग्नात एखादी मुलगी दोन कॅमेरे गळ्यात अडकवून फिरताना दिसली की पोटात काहीतरी हलतं. जाऊ दे.

ते कार्ड मात्र जपलंयस ना? घाबरू नकोस. फॉरमॅट केलं म्हणजे बहुतेक वेळा पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं असतं, पानं आत तशीच राहतात. नवीन फोटो काढलास की त्या पानांवर दुसरं लिहिलं जातं, म्हणून परत परत विचारते. फोटोरेक नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. कार्ड रीडरमध्ये घाल, तो चालव आणि सापडेल ते कॉम्प्युटरवर उतरव, चुकूनही त्याच कार्डावर नको. फायलींची नावं जातील, फोटोंची सरमिसळ होईल. होऊ दे, आपण लावू. हळद आधी की चुडा आधी, एवढं मला नक्की कळतं.

आणि यापुढं एक हार्ड डिस्क माझ्याकडे ठेवत जा. 2019 च्या पुरात दुकानातल्या खालच्या फळीवरच्या निगेटिव्हचा कसा लगदा झाला, ते तूच खोऱ्यानं ओढलंस. वाचलं ते मिरजेला माझ्या माळ्यावर होतं तेवढंच.

फार बोलले का? तुझा हात चांगला आहे, निखिल. गेल्या दिवाळीत काढलेला तुझ्या आईचा चकल्या पाडतानाचा फोटो अण्णांनी बघितला असता तर गिऱ्हाइकांना बोलावून दाखवला असता. उद्या दुपारच्या बसनं ये, कार्ड घेऊन ये, भाकरी करून ठेवते. एकही फोटो मिळाला नाही, तर तासगावला मी तुझ्याबरोबर येते. ॲडव्हान्स परत द्यायला पैसे कमी पडत असतील तर माझ्याकडे आहेत, आईला सांगू नकोस. नवरीच्या वडिलांशी आधी मी बोलते, तू नुसता शेजारी बस.

तुझी,
आत्या