प्रवेशाची शक्यता कशी अजमावावी?

आपल्या पाल्यास आय.आय.टी. किंवा एन.आय.टी.त प्रवेश मिळेल काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ऐकीव माहितीवर दिले जाते. वस्तुतः त्यासाठी लेखी पुरावा उपलब्ध आहे. 2015 पासून हे प्रवेश ‘जोसा’ या एकत्रित व्यवस्थेमार्फत होतात आणि प्रत्येक फेरीत कोणत्या शाखेची जागा कोणत्या क्रमांकापर्यंत मिळाली, हे ती जाहीर करते. त्या अखेरच्या क्रमांकास ‘क्लोजिंग रँक’ म्हणतात.

इतिहासाचा अभ्यासक साधने तपासतो, तसे हे तक्ते तपासावेत. एका वर्षावर विसंबू नये. गेल्या तीन वर्षांची शेवटची फेरी पाहावी. अनुसूचित जातीच्या जागांपुढील क्रमांक त्या प्रवर्गाच्या यादीतील असतो. त्याची तुलना सर्वसाधारण यादीतील आपल्या क्रमांकाशी करून अनेक मुले निष्कारण खचतात. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी झालेल्यांसाठी असतात. तेथे ‘होम स्टेट’चा रकाना पाहावा. आय.आय.टी.त असा कोटा नाही.

पसंतिक्रम आवडीनुसारच लिहावा. वरची पसंती हुकली म्हणून खालच्या पसंतीवरील हक्क कमी होत नाही. भीतीपोटी न लिहिलेली संस्था मात्र कधीच मिळत नाही.

1990 च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही केंद्रीय पातळीवर अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. तथापि केंद्राच्या नमुन्यातील जात प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे.

माजी विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या दिवसांत वसतिगृहात येऊन मुलांसमवेत हे तक्ते वाचावेत, ही नम्र विनंती.